हप्ता परवडत नाही म्हणून आरोग्य विमा बंद करावा का?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५७, पत्नी ५४, पत्नीला मधुमेह. २०१७ पासून दोघांची मिळून ५ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे. तीन वर्षांपूर्वी हप्ता २४ हजार होता, यंदा नूतनीकरणाची नोटीस ३७ हजारांची आली, तीही जीएसटी माफ झाल्यानंतर. मुलगा म्हणतो, विमा बंद करा आणि तेवढे पैसे दरवर्षी एफडीत टाका. आता महात्मा फुले योजना सगळ्यांनाच लागू आहे, मग खासगी विमा हवाच कशाला? घरात ७९ वर्षांची आई आहे, तिचा विमा निघत नाही. आणि शेवटचा सवाल, जो त्यांनी बऱ्याच रागानं विचारलाय: सरकार रुग्णालयांचे दर का ठरवत नाही?

मी आधी विमा कंपनीच्या क्लेम विभागात होतो, नंतर एका रुग्णालयाच्या कॅशलेस डेस्कवर, आणि आता रुग्णांच्या बाजूनं तक्रारी लिहिण्याचं काम करतो. एकच बिल तिन्ही बाजूंनी पाहिलेलं असल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिलं उत्तर स्पष्ट देतो. पॉलिसी बंद करू नका. हप्ता भरून भरून तुम्ही जे कमावलंय ते पॉलिसीच्या कागदावर कुठे छापलेलं नसतं, म्हणून ते लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालली, की ‘तुम्ही अमुक आजार लपवला होता’ हे कारण दाखवून कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक एवढाच त्याला अपवाद. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. तुमची पॉलिसी २०१७ ची, म्हणजे तुम्ही दोन्ही हिशेबांनी पलीकडे गेलात. वहिनींच्या मधुमेहाचा प्रतीक्षा काळही केव्हाच संपला. पॉलिसी एकदा खंडित झाली की हे सगळं शून्यावर येतं. मग नव्यानं अर्ज, वैद्यकीय तपासण्या, मधुमेहापोटी वाढीव हप्ता आणि आधीच्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबणं.

एफडीचा हिशेबही करून बघा. दरवर्षी ३७ हजार, ७ टक्के व्याज धरलं तर दहा वर्षांनी साडेपाच लाखांच्या आसपास होतात. पण आजार दहा वर्षं थांबत नाही. दुसऱ्या वर्षी आयसीयूत आठवडाभर काढावा लागला तर हाताशी ऐंशी हजारही नसतील. एफडी जरूर करा, पण ती विमा जिथे पुरत नाही त्या खर्चासाठी.

आता हप्ता का वाढला ते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. म्हणजे मूळ हप्ता १०० असेल तर आधी तुम्ही ११८ देत होता, आता १०० द्यायला हवेत. पण त्याच वर्षी कंपनीनं मूळ दर २० टक्क्यांनी वाढवला, तर तुम्ही १२० भरता. करमाफी एकदाच मिळते, दरवाढ दरवर्षी येते. त्यात कर गेल्यामुळे कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे तो वळता करून घेण्याची सोय) मिळत नाही, तो बोजाही दरात शिरायला वाव राहतो. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ६० वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, असं कंपन्यांना बजावलं. चांगला निर्णय आहे. पण तुम्ही ५७ चे, वहिनी ५४ च्या. तुम्हाला त्याचं संरक्षण नाही. ज्येष्ठांच्या हप्त्यावर झाकण बसलं की दाब कुणावर येतो, हे तुमच्या नोटिशीत दिसतंय असं माझं मत आहे.

कंपन्या नफेखोरी करतात का? काही प्रमाणात हो, आणि ते आकड्यांत दिसतं. आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या अहवालात सरकारी कंपन्यांचं आरोग्य विम्यातलं दाव्यांचं प्रमाण १०० टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे जमा १०० आणि दावे त्याहून जास्त. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचं तेच प्रमाण ६५ च्या आसपास आहे. उरलेला पैसा एजंटांचं कमिशन, जाहिराती, पगार, कार्यालयं यांत आणि नफ्यात जातो. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य विमा कायद्यानं असं बंधन घातलं, की वैयक्तिक पॉलिसींच्या हप्त्यातले किमान ८० टक्के आणि मोठ्या समूह पॉलिसींतले ८५ टक्के उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्च झालेच पाहिजेत; कमी पडले तर फरक ग्राहकाला परत. आपल्याकडे कंपनीच्या व्यवस्थापन खर्चावर मर्यादा आहे (फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांना ३५ टक्के, सर्वसाधारण विमा कंपन्यांना ३० टक्के), पण दाव्यांपोटी किमान इतके दिलेच पाहिजेत असा नियम नाही. तो यायला हवा, आणि कंपनीनिहाय नव्हे तर पॉलिसीनिहाय आकडे जाहीर व्हायला हवेत. घेणाऱ्याला कळू दे, की या पॉलिसीच्या दर शंभर रुपयांतले किती रुपये रुग्णांकडे परत गेले.

पण एवढ्यानं हप्ता उतरेल अशी आशा धरू नका. ८० टक्क्यांचं बंधन असलं, तरी बिल दुप्पट झालं की उरलेले २० टक्केही रुपयांत दुप्पट होतात. कंपनीला बिल खाली आणण्याची निकड राहत नाही. सुधारणेच्या सगळ्या चर्चेत मला खटकतं ते हेच. वाद हप्त्यावर, करावर, कंपन्यांच्या वागण्यावर चालतो, आणि मूळ रक्कम ठरते ती रुग्णालयाच्या दरपत्रकावर. विमा कंपन्यांना नियामक आहे, तो केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतला. रुग्णालयं हा राज्याचा विषय. आयआरडीएआय विमा कंपनीला दंड करू शकतं, रुग्णालयाला साधं पत्र पाठवून जाब विचारायचा अधिकार त्याला नाही. आणि राज्याकडे दर ठरवणारी कायमची यंत्रणा नाही. या दोन खात्यांच्या मधल्या जागेत तुमचं बिल तयार होतं.

ते कसं तयार होतं हे एका उदाहरणावरून दाखवतो, कारण तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दिवसाला ५ हजार. समजा तुम्ही ८ हजारांची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. तुम्हाला वाटतं, वरचे ३ हजार गुणिले चार, म्हणजे १२ हजार आपल्या खिशातून जातील. तसं होत नाही. कंपनी म्हणते, तुमची पात्रता घेतलेल्या खोलीच्या भाड्याच्या ६२.५ टक्केच आहे, तर खोलीशी जोडलेले सगळे खर्च आम्ही ६२.५ टक्केच देऊ. खोलीभाडं ३२ हजार, त्यातले २० हजार मंजूर. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (शस्त्रक्रियागृह), नर्सिंग, व्हिजिट मिळून १ लाख ६० हजार, त्यातले १ लाख मंजूर. औषधं आणि इम्प्लांट ९० हजार, ते पूर्ण. २ लाख ८२ हजारांच्या बिलात तुमच्या वाट्याला ७२ हजार येतात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर रडारड होते ती या हिशेबावरून. २०२० च्या नियमांनी औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं या कपातीतून वगळलं, आणि जिथे रुग्णालय खोलीप्रमाणे दर बदलत नाही तिथे ही कपात करताच येत नाही. कापलेलं बिल हातात आलं की हे तीन मुद्दे आधी तपासा. औषधांवरही कात्री चालवलेली मी अनेकदा पाहिली आहे.

मात्र खरा प्रश्न याच्या मागचा आहे. तोच सर्जन, तेच ऑपरेशन, तीच ओटी, तरी जनरल वॉर्डातल्या रुग्णाला एक दर आणि डीलक्स खोलीतल्या रुग्णाला दुसरा, असं का? डीलक्समध्ये टीव्ही मोठा असेल, सोफा असेल, त्याचे पैसे खोलीभाड्यात घ्या. टाके तर तेवढेच पडतात. ही पद्धत बंद झाली तर खोलीभाड्याची निम्मी भांडणं आपोआप संपतील. ती बंद करणं विमा नियामकाच्या हातात नाही.

दर ठरवता येतच नाहीत, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. महाराष्ट्रानं स्वतः ते करून दाखवलंय. कोविडच्या काळात, २१ मे २०२० च्या आदेशानं राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा नियंत्रित दरांत आणल्या: साध्या वॉर्डात दिवसाला ४ हजार, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९ हजार. महापालिकांनी लेखापरीक्षक बसवले, जादा आकारणीचे पैसे परत करायला लावले. पळवाटा होत्याच. पीपीई किट आणि महागडी औषधं त्या दरांत धरलेली नव्हती, आणि बिलं तिथूनच फुगली. पण आरोग्यखात्यानं इच्छा धरली तर चोवीस तासांत दर लागू होतात, हे सगळ्यांनी पाहिलं.

अर्धवट दरबंदी काय करते, तेही आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटला कमाल किंमत लावली: साधा ७,२६० आणि औषधवेष्टित २९,६०० रुपये. त्याआधी औषधवेष्टित स्टेंटचे लाख-सव्वा लाख सहज लागत. रुग्णांचा मोठा फायदा झाला, यात शंका नाही. पण अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमधले बाकीचे आकडे मोकळेच होते, त्यामुळे एकूण बिल स्टेंटच्या प्रमाणात खाली आलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा सिरिंज, आयव्ही सेटसारख्या वस्तूंवर १७०० टक्क्यांहून अधिक नफा आढळला. हे बेकायदा नव्हतं, कारण छापील किमतीच्या आतच विक्री होती. रुग्णालय घाऊक खरेदी करतं, उत्पादक पाकिटावर चढी एमआरपी छापतो, बिल एमआरपीनं लागतं. एकाच कंपनीची तीच वस्तू बाहेरच्या मेडिकलमध्ये निम्म्याला मिळते, पण आत ‘बाहेरची औषधं चालणार नाहीत’ अशी पाटी असते.

रुग्णालयांची बाजू मला माहीत आहे आणि ती पोकळ नाही. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर दांपत्य आणि पुण्या-मुंबईचं कॉर्पोरेट रुग्णालय यांना एका पट्टीनं मोजणं अन्याय आहे. सरकारी योजनांची थकबाकी महिनोन्महिने अडकते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस योजनेचे दर २०१४ नंतर मोठ्या प्रमाणावर सुधारायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. अकरा वर्षांत नर्सचा पगार, वीज, भाडं काय जागेवर थांबलं होतं? सर्वोच्च न्यायालयानं २०२४ च्या फेब्रुवारीत दर निश्चित करण्याबाबत केंद्राला फटकारलं आणि तोवर सीजीएचएसचे दर लावण्याची शक्यता बोलून दाखवली, तेव्हा रुग्णालयं घाबरली ती या अनुभवामुळे. म्हणून माझं म्हणणं असं, की शहर आणि रुग्णालयाचा आकार पाहून दरांचे पट्टे ठरवावेत, दरवर्षी खर्च तपासून ते बदलावेत आणि सरकारनं स्वतःची देणी ठरलेल्या मुदतीत चुकवावीत, नाहीतर व्याज द्यावं. हे शेवटचं झालं नाही, तर बाकीचं टिकणार नाही.

महाराष्ट्रानं २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद व ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी तुमच्या रुग्णालयात गेलात की तो फलक शोधा. नसेल तर महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, नोंदणी तेच करतात.

मुलाचा मुद्दा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, आणि १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू झाली. मी या योजनेचा समर्थक आहे. हृदयशस्त्रक्रिया, कॅन्सर, डायलिसिस यांत तिनं हजारो घरं कर्जातून वाचवली. पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि संलग्न रुग्णालयांतच चालते. तुमचं नेहमीचं रुग्णालय संलग्न नसेल, किंवा असलं तरी तो विभाग नसेल, तर तिथे उपयोग शून्य. डेंग्यूनं चार दिवस दाखल झालात आणि ते यादीत बसलं नाही, तर खिसाच. तेव्हा तिला दुसरा आधार माना. रेशनकार्ड आणि आधार अद्ययावत ठेवा, आणि गरज पडली तर आधी १५५३८८ वर फोन करून संलग्न रुग्णालय विचारा. तिथे आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसलेला असतो, त्याला गाठा. ‘योजनेत करू, पण वरचे एवढे रोख द्या’ असं कुणी म्हणालं तर देऊ नका. योजनेतले उपचार रोकडविरहित असतात. तक्रार त्याच क्रमांकावर होते.

आईंचं काम मात्र याच आठवड्यात करा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता केंद्रानं ऑक्टोबर २०२४ अखेर आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. ५ लाखांचं संरक्षण, हप्ता नाही, आधीच्या आजारांसाठी थांबणं नाही. आधारवर काढता येतं. बाजारात ७९ व्या वर्षी पॉलिसी मिळालीच, तरी ज्या दरात ती देतात तो पाहता या कार्डाला पर्याय नाही.

एवढं असूनही सुधारणेच्या चर्चेत ओपीडीचं, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं, नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. २०१३-१४ मध्ये देशाच्या आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांच्या खिशातून थेट जात होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. पण उरलेल्यात बराच भाग गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी असा महिन्याकाठचा आहे. वहिनींची मधुमेहाची औषधं आणि तिमाही तपासण्या ना तुमच्या पॉलिसीत येतात, ना योजनेत. त्यासाठी महापालिकेचे दवाखाने आणि जेनेरिक औषधं हाच मार्ग, आणि तिथे सरकारनं पैसा ओतायला हवा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या वर्षातही, तो १.८४ टक्के होता.

दाव्याच्या वेळी काय सांभाळायचं, ते सांगतो. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयानं जादा आकार लावला तर तो कंपनीनं भरायचा. दुपारी दोनला बिल पाठवलं आणि रात्री नऊपर्यंत मंजुरी नाही, असं झालं तर वेळा लिहून ठेवा, डेस्ककडून बिल पाठवल्याच्या ईमेलची प्रत घ्या.

दुसरी गोष्ट बारीक आहे आणि नवीन पॉलिसीवाल्यांचे बरेच दावे तिच्यामुळे पडतात. दाखल होताना निवासी डॉक्टर विचारतात, बीपी कधीपासून? घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘असेल आठ-दहा वर्षं.’ ते केसपेपरवर ‘उच्च रक्तदाब, दहा वर्षांपासून’ असं उतरतं, तेच डिस्चार्ज समरीत जातं. पॉलिसी चार वर्षांची असेल तर कंपनी म्हणते, आजार लपवला. पहिल्या निदानाचा कागद घरात असतो दोन वर्षांपूर्वीचा, पण तो कुणी दाखवत नाही. माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही, जुनी फाइल आणून दाखवतो’ एवढंच सांगा, आणि समरीची प्रत सही होण्याआधी वाचा. तुम्हाला ६० महिन्यांचं कवच आहे, तरी तुमच्या मुलाला हे सांगून ठेवा, त्याची पॉलिसी नवी असेल.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिकसाठी कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. चांगली कागदपत्रं जोडलेली तक्रार तिथे ऐकली जाते, हा माझा पक्का अनुभव आहे.

राहिला तुमचा ३७ हजारांचा हप्ता. माझा सल्ला असा: ५ लाखांची ही पॉलिसी चालू ठेवा, तिची रक्कम वाढवू नका. तिच्यावर ५ लाखांच्या वजावटीचा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे वर्षाची बिलं ५ लाखांच्या वर गेली की वरचे पैसे देणारी पॉलिसी. वरच्या १५-२० लाखांसाठी तो मूळ पॉलिसी वाढवण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. नुसता टॉप-अप घेऊ नका, त्यात वजावट प्रत्येक दाव्याला वेगळी मोजतात; सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची एकूण बिलं धरतात. त्याचा अर्ज भरताना मधुमेह स्पष्ट लिहा, तिथे प्रतीक्षा काळ नव्यानं सुरू होतो. आणि खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीत जायचं असेल तर पोर्टिंगचा (जुने लाभ टिकवून विमा कंपनी बदलण्याचा) अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. तुमची तारीख १८ मार्च आहे, म्हणजे १ फेब्रुवारीच्या आत. नवी कंपनी नाही म्हणू शकते, तो तिचा अधिकार आहे. म्हणून तिचं लेखी ‘हो’ हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचे पैसे तयार ठेवा.